देशोदेशींचीं स्थळें : यामातो प्रांत

जपानच्या मुख्य बेटावर, चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेला आणि समुद्राचा कोठेंहि स्पर्श नसलेला असा एक लहानसा प्रदेश आहे. त्याचें जुनें नांव यामातो. इ. स. १८७१ मध्यें जपान सरकारनें जुने प्रांत मोडून नवे जिल्हे पाडिले, तेव्हां हें नांव दप्तरांतून गेलें. आज त्या प्रदेशास नारा जिल्हा म्हणतात. तथापि जपानी माणसाच्या जिभेवरून तें गेलेलें नाहीं. ‘यामातो’ हा शब्द साऱ्या जपानचाच वाचक होऊन बसला आहे. कारण त्या राष्ट्राचें राज्य, धर्म आणि लेखनविद्या यांचा पाळणा याच खोऱ्यांत हालला.

या महिन्यांत वाचकांस या प्रांताची यात्रा घडवावी असें आम्हांस वाटलें, त्यास एक विशेष कारण आहे. आपल्याकडील प्राचीन वैभव बहुतेक पाषाणांत उरलें आहे. कार्ल्याचें चैत्यगृह किंवा वेरूळचें कैलास लेणें डोंगराच्याच अंगांत कोरलेलें. तें टिकलें यांत डोंगराचाहि वांटा आहे. यामातोंतील वैभव मात्र लांकडाचें, मातीचें, कागदाचें आणि रेशमाचें आहे. पाऊस, कीड आणि अग्नि यांचें तें नित्याचें भक्ष्य. असें असून तें बाराशें-तेराशें वर्षें टिकलें तें कशामुळें, एवढा एकच प्रश्न मनांत धरून आपण हीं स्थळें पाहूं.

खोऱ्याच्या दक्षिण टोकास असुका नांवाचें खेडें आहे. सहाव्या शतकांत कोरियांतून बौद्ध धर्म जपानांत आला, तेव्हां राजसत्तेचें केंद्र येथें होतें. येथील असुका विहारांतील बुद्धाची कांस्यमूर्ति इ. स. ६०९ ची मानितात. आगींतून निघालेली आणि पुन्हां पुन्हां डागडुजी झालेली ती मूर्ति आजहि पूजेंत आहे. जवळच ताकामात्सुझुका नांवाची एक थडग्याची टेकडी आहे. १९७२ सालीं ती उकरली असतां आंतील दगडी भिंतींवर रंगीत वस्त्रें ल्यालेल्या स्त्री-पुरुषांचीं सुरेख चित्रें निघालीं आणि साऱ्या देशांत आनंदीआनंद झाला. पण तेराशें वर्षें अंधारांत सुरक्षित राहिलेल्या त्या चित्रांवर पुढील तीस वर्षांत बुरशी चढली. अखेर २००७ सालीं ती संपूर्ण दगडी खोली सुटी करून चित्रें उपचारासाठीं बाहेर काढावीं लागलीं. वस्तु सांपडणें निराळें आणि ती सांभाळणें निराळें, हा पहिला धडा यात्रेकरूस येथेंच मिळतो.

असुकाहून वायव्येस कांहीं कोसांवर होर्यूजी आहे. ‘जी’ म्हणजे विहार. आपल्या आदरार्थी ‘जी’शीं त्याचा संबंध नाहीं. राजपुत्र शोतोकु यानें इ. स. ६०७ च्या सुमारास हा विहार स्थापिला. ६७० सालीं तो जळाल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. त्यानंतर तो पुन्हां उभारला गेला, आणि त्या दुसऱ्या उभारणीचें मुख्य मंदिर व पांच मजली मनोरा या आज जगांतील सर्वांत जुन्या लांकडी इमारती म्हणून गणल्या जातात. मनोऱ्याच्या मधल्या खांबाच्या लांकडांतील वार्षिक वलयें मोजून तें झाड इ. स. ५९४ मध्यें तोडलें असल्याचें २००१ सालीं जाहीर झालें. आपल्याकडे हर्षवर्धन गादीवर बसला त्याच्या बारा वर्षें अगोदर तोडलेलें तें झाड अद्यापि जागचें हाललेलें नाहीं!

परंतु ‘हाललेलें नाहीं’ हें शब्दशः खरें मानूं नये. १९३४ ते १९८५ अशीं पन्नास वर्षें या विहाराचा जीर्णोद्धार चालला होता. त्यांत मनोरा आणि मंदिर यांचे सांधे सोडवून, एकेक लांकूड उतरवून, कुजलेला तेवढाच भाग काढून, त्या जागीं नवें लांकूड बसवून सर्व पुन्हां जेथल्या तेथें जुळविण्यांत आलें. हें काम ज्या सुतारांनीं केलें त्यांत निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) हें नांव अग्रगण्य आहे. यांचें घराणेंच होर्यूजीच्या सुतारांचें. त्सुनेकाझु यांस त्यांच्या आजोबांनीं पोरवयांत शेतकीच्या शाळेंत घातलें. सुताराच्या पोरास नांगर कशाला, असें कोणासहि वाटेल. परंतु आजोबांचें म्हणणें असें कीं, ज्यास माती कळत नाहीं त्यास झाड कळत नाहीं, आणि ज्यास झाड कळत नाहीं त्यानें देवळास हात लावूं नये. डोंगराच्या दक्षिण उतारावर वाढलेलें झाड इमारतीच्या दक्षिणेस लावावें, असले नियम या घराण्यांत पुस्तकांवांचून तोंडींच चालत आले. वेदपाठाची परंपरा ज्या समाजानें मुखानें राखिली त्यास या गोष्टीचें मर्म निराळें सांगावयास नको.

याच मंदिराच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटीं कोणा अज्ञात चित्रकारांनीं बुद्ध आणि बोधिसत्त्व यांचीं बारा चित्रें काढलीं होतीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्यांतील बोधिसत्त्वाची मान आणि बोटें ओळखीचीं वाटावींत. महाराष्ट्रांतील डोंगरांत रुजलेली ती रेषा मध्य आशिया आणि चीन या वाटेनें यामातोपर्यंत पोंचली, असें कलेतिहासज्ञ मानितात. जीर्णोद्धाराच्या वेळीं या चित्रांच्या नकला करण्याचें काम चालू असतां २६ जानेवारी १९४९ रोजीं पहांटे मंदिराच्या आंत आग लागली आणि बारा चित्रांचे रंग करपून गेले. वरचा मजला तेव्हां दुरुस्तीसाठीं उतरवून ठेविलेला होता म्हणून तो वांचला. छताजवळचीं उडत्या गंधर्वांचीं वीस लहान चित्रेंहि अगोदर काढून ठेविलीं होतीं म्हणून वांचलीं.

या आघातानंतर जपानांत जें झालें तें मनन करण्यासारखें आहे. दुसऱ्याच वर्षीं, १९५० सालीं, सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. करपलेल्या भिंती फेकून दिल्या नाहींत. त्या जशाच्या तशा उतरवून विहाराच्या आवारांत एका कोठींत जपून ठेविल्या. १९३५ सालीं या चित्रांचीं मूळच्या आकाराचीं छायाचित्रें घेतलेलीं होतीं. त्यांच्या आधारें नामांकित चित्रकारांनीं तीं पुन्हां काढलीं आणि १९६८ पर्यंत मंदिराच्या भिंतीस लावलीं. आणि १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस साऱ्या जपानांत प्राचीन वास्तूंचें अग्नीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळितात. त्या दिवशीं देवळादेवळांतून पाण्याचे बंब चालवून पाहण्यांत येतात. आपण ज्या दिवशीं प्रजासत्ताकाचा ध्वज उभारतों, त्याच दिवशीं ते लोक आपली एक हानि आठवीत असतात.

आतां खोऱ्याच्या उत्तरेस नारा नगरांत येऊं. इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडतां, हें जपानच्या राजधानीचें शहर होतें. सरळ रस्ते आणि चौरस पेठा यांचा नमुना चीनमधील चांगआन राजधानीवरून घेतलेला. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या सांथीनें जपानांत हाहाकार केला. मंत्रिमंडळांतील फुजिवारा घराण्याचे चार भाऊ एकाच वर्षीं गेले. त्या दुःखांत सम्राट् शोमु यानें ७४३ सालीं वैरोचन बुद्धाची प्रचंड मूर्ति ओतण्याचा संकल्प सोडला. त्याच्या आज्ञापत्रांत एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्यास या कामांत हात लावूं द्यावा, आणि या कामाच्या निमित्तानें अधिकाऱ्यांनीं रयतेस पीडा देऊं नये, असें त्यानें बजाविलें होतें.

तोदाइजी विहारांतील ही मूर्ति सुमारें १५ मीटर उंच आहे. इ. स. ७५२ मध्यें तिचा नेत्रोन्मीलनाचा समारंभ झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळीं मूर्तीचे डोळे उघडतात तोच हा विधि. आणि मोठी लेखणी हातीं धरून त्या महामूर्तीचे डोळे ज्यानें रेखिले तो पुरुष जपानी नव्हता, चिनीहि नव्हता. तो दक्षिण हिंदुस्थानांतील ब्राह्मण होता. त्याचें नांव बोधिसेन. तो प्रथम चीनमध्यें गेला आणि तेथून जपानी वकिलांच्या विनंतीवरून ७३६ सालीं जपानांत आला. सम्राटाची प्रकृति बरी नसल्यामुळें त्यानें आपल्या वतीनें हा मान त्यास दिला. त्या लेखणीस निळे रेशमी दोर बांधले होते आणि ते जमलेल्या लोकांनीं हातांत धरिले होते. डोळे उघडण्याचें पुण्य एकट्यास नव्हे तर सर्वांस लाभावें, हा त्यांतील हेतु. ती लेखणी आणि तो दोर आजहि नारा येथें आहेत.

बोधिसेन ७६० सालीं तिकडेच वारला. त्याच्या एका शिष्यानें ७७० सालीं त्याचा स्मृतिलेख लिहिला. त्यांत चिनी अक्षरांनीं नोंदलेलें त्याचें कुलनाम ‘भारद्वाज’ असावें असें विद्वान् मानितात. जपानी लोक त्यास ‘ब्राह्मण आचार्य’ म्हणूनच ओळखतात. नारा शहराच्या पश्चिमेस र्योसेनजी विहारांत त्याची समाधि दाखवितात. येथें कोणा वाचकाची छाती अभिमानानें फुगली तर त्यास आम्ही एवढेंच विचारूं कीं, या पुरुषाची माहिती आज आपणांस कोठून मिळते? केवळ जपानी लेखांवरून. ज्या गांवीं तो जन्मला, ज्या गुरूपाशीं शिकला, त्यांची एक ओळहि आपल्याकडे राहिली नाहीं. पुढील काळीं आपण समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें आणि गेलेल्यांची वाट पाहणेंहि सोडून दिलें. त्याचें गोत्र आपलें असेल. त्याचें श्राद्ध मात्र परक्यांनीं केलें.

त्याच्यासारख्या आचार्यांमुळें संस्कृत विद्येचें बीज तिकडे पडलें तें वायां गेलें नाहीं. आजहि जपानी मुलें आपलीं अक्षरें अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमानें घोकतात. बौद्ध भिक्षूंनीं सिद्धम् लिपीच्या अभ्यासांतून बसविलेला हा क्रम आहे. ‘च’च्या जागीं ‘स’ आणि ‘प’च्या जागीं ‘ह’ पाहून विद्यार्थी गोंधळेल. परंतु ते वर्ण पूर्वीं ‘च’ आणि ‘प’ यांच्याच जवळचे उच्चारीत असत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तोदाइजीच्या महाद्वारांत दोन प्रचंड द्वारपाल उभे आहेत. एकाचें तोंड उघडें आहे, तो ‘अ’ म्हणतो. दुसऱ्याचें मिटलेलें आहे, तो ‘हूं’ म्हणतो. सर्व वाणीचा आरंभ आणि शेवट त्या दोन मुखांत आहे.

तोदाइजीची महामूर्ति मात्र अखंड राहिली नाहीं. ११८० च्या युद्धांत मंदिर जळालें आणि मूर्तीचें मस्तक गळून पडलें. तेव्हां एकसष्ट वर्षांच्या चोगेन नांवाच्या भिक्षूनें जीर्णोद्धाराचें काम शिरावर घेतलें. त्यानें गांवोगांव भिक्षा मागितली, चीनमधून ओतारी बोलाविले, दूरच्या सुओ प्रांतांतील अरण्यांतून लांकूड आणविलें. ११८५ सालीं पुन्हां नेत्रोन्मीलन झालें, आणि त्या वेळीं बोधिसेनाची तीच लेखणी बाहेर काढून वापरली. १५६७ सालीं युद्धांत दुसऱ्यांदा मंदिर जळालें. या वेळीं बुद्धास शंभरावर वर्षें धड छप्पर मिळालें नाहीं. पुढें कोकेइ नांवाच्या भिक्षूस बालपणीं पावसांत भिजणारी ती मूर्ति पाहून गहिंवर आला आणि मोठेपणीं त्यानें एक कागद, अर्धा पैसा, जें मिळेल तें मागत साऱ्या देशांत झोळी फिरविली. १६९२ मध्यें मूर्तीचे डोळे उघडले. १७०९ मध्यें मंदिर पुरें झालें. कोकेइ १७०५ सालींच वारला होता. पहिल्या मंदिराची रुंदी सुमारें ८६ मीटर होती, ती आतां ५७ मीटर उरली. तितकें द्रव्य आणि तितके वृक्ष पुन्हां मिळाले नाहींत. तरी आज जो यात्रेकरू तेथें जातो त्यास मूर्तीखालील कमळाच्या कांहीं पाकळ्या आठव्या शतकांतील आणि मस्तक सतराव्या शतकांतील अशी एकच मूर्ति दिसते, आणि तो तीस एकाच भक्तीनें हात जोडतो.

याच टेकडीवर ‘दुसऱ्या महिन्याचें मंदिर’ आहे. तेथें दरसाल मार्च महिन्याच्या आरंभीं अकरा भिक्षु चवदा दिवस व्रतस्थ राहून, लोकांच्या पापांबद्दल अवलोकितेश्वराची क्षमा मागतात आणि मध्यरात्रीं विहिरीचें पाणी काढून अर्पण करितात. हें व्रत ७५२ सालीं सुरू झालें आणि त्यांत आजपर्यंत एकदांहि खंड पडलेला नाहीं. १६६७ सालीं व्रत चालू असतांच तें मंदिर जळालें, तेव्हां भिक्षूंनीं शेजारच्या मंदिरांत उरलेलें व्रत पुरें केलें. मंदिर गेलें, व्रत राहिलें. आणि व्रत राहिलें म्हणून दोन वर्षांत मंदिरहि पुन्हां उभें राहिलें.

महामंदिराच्या मागें शोसोइन नांवाची लांकडाच्या तिकोनी ओंडक्यांची एक कोठी आहे. सम्राट् शोमु ७५६ सालीं वारला. त्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशीं सम्राज्ञी कोम्यो हिनें त्याच्या वापरांतील सहाशेंहून अधिक वस्तु यादीसह बुद्धास अर्पण केल्या. त्या दृष्टीस पडल्या कीं गत दिवस आठवून हृदय विदीर्ण होतें, अशा अर्थाचें तिचें लेखन त्या यादींत आहे. ती यादी आजहि शाबूत आहे. एका विधवेच्या शोकांतून जगांतील एक अपूर्व भांडार उभें राहिलें. त्यांत शिंपल्यांच्या जडावाची पांच तारांची वीणा आहे. त्या जातीचें वाद्य मूळचें हिंदुस्थानांतील असावें असें मानितात, आणि प्राचीन काळचें तसलें वाद्य आज जगांत तेवढें एकच उरलें आहे. त्याच दिवशीं तिनें रोग्यांच्या उपयोगासाठीं साठ औषधेंहि दिलीं. त्या यादींत आमच्या गृहिणींस ओळखीचीं नांवें भेटतील: मिरें, पिंपळी आणि हिरडा. ‘पिप्पली’ आणि ‘हरीतकी’ हे शब्द चिनी अक्षरांत मोडकेतोडके होऊन तेथें बसले आहेत.

या कोठीचें दार सम्राटाच्या मोहरेनें बंद असे आणि त्याच्या आज्ञेवांचून उघडत नसे. वस्तु आतां नव्या पक्क्या कोठ्यांत ठेविल्या आहेत. परंतु शरद् ऋतूंत हवा कोरडी झाल्यावर दरसाल त्या उघडून तपासण्याचा परिपाठ चालू आहे, आणि त्यांतील थोड्या वस्तु त्या वेळीं नारा येथील संग्रहालयांत लोकांस दाखवितात. १९४६ पासून हें प्रदर्शन भरत आहे.

नारा शहराच्या पश्चिम भागांत याकुशिजी आणि तोशोदाइजी हे दोन विहार आहेत. पहिल्याचा पूर्वेकडील मनोरा इ. स. ७३० चा, पश्चिमेचा १५२८ सालीं जळाला होता, तो निशिओका यांच्या देखरेखीखालीं १९८१ सालीं नवा उभा राहिला. येथें ७५३ सालची एक बुद्धपादशिला आहे. मृगदावांतील, म्हणजे काशीजवळच्या सारनाथांतील, पावलांचा ठसा एका चिनी वकिलानें नकलून नेला, त्या नकलेची ही नकल, असें तिजवर कोरलेलें आहे. दुसरा विहार गांजिन या चिनी आचार्यानें ७५९ सालीं स्थापिला. यास जपानांत येतांना पांच वेळां अपयश आलें. त्या खटपटींत त्याची दृष्टि गेली. सहाव्या वेळीं ७५३ सालीं तो पोंचला. त्याची मिटल्या डोळ्यांची मूर्ति अद्यापि त्या विहारांत आहे.

इतकें वाचून जपानी लोक जात्याच जुन्याचे रक्षक, असा समज होईल; तो खरा नव्हे. १८६८ मध्यें नव्या सरकारनें शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला, तेव्हां याच यामातोंत विहारांवर मोठें अरिष्ट ओढवलें. तीन मुखांच्या आणि सहा हातांच्या ‘असुर’ मूर्तीविषयीं प्रसिद्ध असलेल्या कोफुकुजी विहारांतील सर्व भिक्षु शेजारच्या कासुगा देवस्थानचे पुजारी होऊन निघून गेले. त्याचा पांच मजली मनोरा कवडीमोलानें विकावयास काढला होता, असें सांगतात. उचियामा येथील एइक्यूजी हा मोठा विहार तर असा नष्ट झाला कीं, आज त्याचें एक तळें तेवढें उरलें आहे. १८९७ सालीं जुन्या देवस्थानांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला तेव्हां हा पूर ओसरला.

जुन्या राजवाड्याची जागा तोंवर भातखाचरें होऊन गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शास्त्रज्ञानें दरबारमंडपाचा चौथरा ओळखला. ती हकीकत वाचून तानादा काजुरो नांवाच्या माळ्यानें आपलें आयुष्य त्या जागेस वाहिलें. यात्रेकरूंस वाट दाखविणें, वर्गणी गोळा करणें, जमीन सोडविणें हेंच त्याचें काम झालें. पुढें त्या जमिनीच्या व्यवहारांत वितुष्ट आलें आणि तें मनास लावून घेऊन १९२१ सालीं त्यानें प्राणत्याग केला. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें ती जागा ऐतिहासिक म्हणून राखून ठेविली. १९६१ पासून तेथें शाईनें लिहिलेल्या लांकडी चिठ्ठ्या हजारोंनीं निघाल्या आहेत. कोणत्या गांवाहून किती मीठ, किती मासळी आली याचे ते हिशेब आहेत. २०१० सालीं दरबारमंडप जुन्या जागीं पुन्हां उभारला. येथील आणि होर्यूजीकडील स्थळें आतां युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहेत. परंतु त्या सन्मानाचा पहिला धनी हा माळी होय.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. लांकूड तेराशें वर्षें टिकलें तें लांकडाच्या गुणानें थोडें आणि माणसांच्या हातांनीं फार. प्रत्येक पिढीस एक तरी चोगेन, एक तरी कोकेइ किंवा एक तरी माळी निघाला, आणि जेथें तो निघाला नाहीं तेथें तळें तेवढें उरलें. आपल्या धर्मशास्त्रांतहि नवें देवालय बांधण्याहून जुन्याचा उद्धार अधिक पुण्याचा मानिला आहे. आपले लेखक पोथीच्या शेवटीं ‘तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा’ अशी त्या पोथीच्याच तोंडून विनवणी करीत असत. ती विनवणी वाचणारांच्या घरोघर माळ्यावर रुमालांत बांधलेल्या पोथ्या पडून आहेत. पावसाळा सरल्यावर एक दिवस घरांतील वडील माणसानें नातवंडांस जवळ बसवून त्या सोडाव्यात, वारा द्यावा, पानें मोजावींत, आणि कोणाच्या हातची कोणती पोथी तें एका वहींत नोंदवून ठेवावें. सम्राज्ञी कोम्योनेंहि याहून निराळें कांहीं केलें नव्हतें. तिनें वस्तु ठेविल्या आणि सोबत यादी ठेविली.